ताडी-शिंदी आणि पोटातल्या बाळाचे वजन

बाळ जन्मले की घरची माणसे पहिला प्रश्न विचारतात, "मुलगा की मुलगी?" दवाखान्यातली सिस्टर मात्र आधी बाळाला तराजूत ठेवते. काटा अडीच किलोच्या पुढे गेला की तिला हायसे वाटते. अलीकडेच थांबला, तर ती बाळाला लगेच उबेत घेते आणि डॉक्टरांना हाक मारते. जन्मवेळी अडीच किलोपेक्षा कमी भरलेले बाळ लवकर गार पडते. ते जोर करून दूध ओढू शकत नाही आणि जंतूंशी झुंजायला त्याच्या अंगात ताकद कमी असते. पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या बाळांत अशा हलक्या बाळांची संख्या फार मोठी असते.

आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. वजन केलेल्या दर शंभर नवजात बाळांपैकी सुमारे १८ बाळे अडीच किलोच्या खाली होती, असे तीत आढळले. याची कारणे अनेक आहेत. आईच्या अंगात रक्त कमी असणे, कोवळ्या वयात दिवस जाणे, दोन बाळंतपणांत पुरेसे अंतर नसणे, तंबाखू-मिश्रीची सवय, शेवटच्या महिन्यापर्यंत ओझी वाहणे ही त्यांतली काही. म्हणून हलके बाळ जन्मले की आईकडे बोट दाखवू नये. परंतु एक कारण असे आहे की ज्याविषयी आपल्याकडे उघडपणे बोलले जात नाही, आणि जे आपल्या हातात असल्यामुळे टाळता येते. ते कारण म्हणजे गरोदरपणात घेतलेली ताडी, शिंदी किंवा दारू. या वेळी त्याचाच विचार करू.

इकडची चाल

हैदराबाद शहर सोडून थोडे बाहेर पडले की शेताच्या बांधावर ताडाची आणि शिंदीची झाडे दिसू लागतात. ताडाची ती 'ताटी कल्लू' आणि शिंदीच्या झाडाची ती 'ईत कल्लू', असे तेलुगू शेजारी म्हणतात. मराठवाड्यातल्या लोकांना हे नवे नाही. १९५६ सालापर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, आणि शिंदी, कलाल, आबकारी हे शब्द तिकडच्या आजीआजोबांच्या तोंडी सहज असत.

दारू पिणे हा पुरुषांचाच प्रश्न आहे, असे आपण धरून चालतो. देशभराचा विचार केला तर ते बरेचसे खरे आहे. वर सांगितलेल्या पाहणीत देशातील १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी शेकडा १.३ स्त्रियांनी आपण मद्य घेतो असे सांगितले. तेलंगणात मात्र हा आकडा शेकडा ६.७ होता, आणि तेलंगणाच्या खेड्यापाड्यांत तो शेकडा ९ पर्यंत गेला. म्हणजे खेड्यातल्या दर अकरा-बारा बायकांत एक. यांतल्या पुष्कळजणी भातलावणीला, कापणीला, बांधकामावर राबणाऱ्या आहेत. दिवसभर चिखलात वाकून काम केल्यावर अंग ठणकते, आणि संध्याकाळी ताडीचा एक पेला घेतला की बरे वाटते. हे आम्ही समजू शकतो. त्यांना नावे ठेवण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. पण त्या बाईला दिवस गेले असतील, तर तो पेला एकटी तीच पीत नाही, एवढे तिला कोणीतरी सांगायला हवे.

"ताडी म्हणजे काही दारू नव्हे"

हे वाक्य आपण नेहमी ऐकतो. ताडी झाडातून येते, थंड असते, अंगी लागते, म्हणून गरोदर बाईने घेतली तरी चालते, असा समज आहे. यात खरे किती आणि खोटे किती, ते पाहू.

झाडातून गळणारा ताजा रस म्हणजे नीरा. ती गोड असते आणि तीत मद्य नसते. मडके आतून चुन्याने सारवले असेल आणि सूर्योदयापूर्वी उतरवून नीरा थंड ठेवली असेल, तरच ती नीरा राहते. एरवी हवेतले आणि मडक्यातले किण्व त्या साखरेवर तुटून पडते. थेंब मडक्यात पडल्यापासूनच आंबण्याची क्रिया सुरू होते आणि काही तासांतच तिची ताडी होते. इडलीचे पीठ रात्रीत फुगते, तोच हा प्रकार. फरक इतकाच की येथे साखरेचे मद्यार्क बनते. चांगल्या आंबलेल्या ताडीत मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे शेकडा ४ ते ६ असते. बाजारातल्या बिअरमध्येही जवळपास तेवढेच असते.

आता हिशेब करा. ६५० मिलीलिटरच्या बाटलीत शेकडा ५ या प्रमाणाने सुमारे ३२ मिलीलिटर, म्हणजे जवळजवळ २५ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. दोन बाटल्यांत ५० ग्रॅम झाला. विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या दारूच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीलिटरमध्ये, तो सुमारे ६० ग्रॅम असतो. म्हणजे दोन बाटल्या ताडी आणि जवळजवळ एक क्वार्टर दारू यांत पोटातल्या बाळाच्या दृष्टीने फारसा फरक नाही. मद्यार्क झाडातून आला की भट्टीतून, हे बाळाला कळत नाही.

ताडीत थोडीफार जीवनसत्त्वे असतात हे खरे आहे. पण त्यांच्यासाठी मद्यार्काची किंमत मोजणे म्हणजे चार दाण्यांसाठी कणगीला आग लावणे होय.

वारेतून काय जाते?

बाळाला पोटात जे काही मिळते, ते वारेतून आणि नाळेतून मिळते. आईचे रक्त आणि बाळाचे रक्त एकमेकांत मिसळत नाही, दोहोंमध्ये वारेचा पातळ पडदा असतो. पुष्कळ जंतूंना हा पडदा अडवतो. मद्यार्काला मात्र तो अडवू शकत नाही. आईने पेला घेतल्यावर साधारण तासाभरात तिच्या रक्तात जेवढे मद्यार्क असते, तेवढेच बाळाच्या रक्तात पोचते.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मोठ्या माणसाचे यकृत मद्यार्क हळूहळू फोडून टाकते. बाळाचे यकृत अजून घडत असते, त्याला हे काम जमत नाही. शिवाय मद्यार्क गर्भजलात उतरते, आणि तेच पाणी बाळ पुन्हा पुन्हा गिळत असते. त्यामुळे आईची झिंग उतरली तरी बाळाभोवती मद्यार्क रेंगाळत राहते.

बाळाचे वजन यामुळे का घटते? याची तीन कारणे समजून घेऊ. एक, मद्यार्काने वारेतील रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पाट अरुंद झाला की शेताला पाणी कमी पोचते, तसा बाळाकडे जाणारा प्राणवायू आणि अन्नरस कमी होतो. दोन, प्रथिनांचे घटक, जस्त, फॉलिक आम्ल अशी वाढीला लागणारी द्रव्ये वारेतून नीट पार होत नाहीत. तीन, मद्यार्क पेशींची वाढ आणि विभागणी थेट मंदावते. यात भर म्हणजे पिणाऱ्या बाईची भूक मरते. एक ग्रॅम मद्यार्कातून सात कॅलरी मिळतात, म्हणून पोट भरल्यासारखे वाटते. पण त्या कॅलरींबरोबर बाळाचे हाडमांस घडवणारे काहीच येत नाही.

डॉक्टरांनाही उशिराच कळले

"आमच्या वेळी डॉक्टरच ब्रँडी घ्या म्हणायचे," असे एखादी म्हातारी सांगते. ती खोटे बोलत नाही. १९६० नंतरच्या दशकात, मुदतीआधी सुरू झालेल्या कळा थांबवण्यासाठी काही डॉक्टर चक्क शिरेतून मद्यार्क देत असत. त्या वेळी त्याचे दुष्परिणाम पुरते ठाऊक नव्हते.

१९६८ साली फ्रान्समधील नांत शहरात डॉ. पॉल लेमवान यांनी दारू पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांची माहिती प्रसिद्ध केली. ही मुले जन्मतः लहान होती, त्यांचे चेहरे एकमेकांसारखे दिसत आणि बुद्धीची वाढ मंद होती. त्या लेखाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. मग १९७३ साली अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. केनेथ जोन्स आणि डॉ. डेव्हिड स्मिथ यांना तशीच मुले आढळली. लहान डोके, बारीक डोळे, नाकाखालची खाच सपाट, वरचा ओठ पातळ आणि वजन कमी. त्यांनी या विकाराला 'फीटल आल्कोहोल सिंड्रोम' असे नाव दिले. गर्भातच मद्यार्काने जडलेला विकार, असा त्याचा अर्थ. १९८१ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्यप्रमुखांनी गरोदर स्त्रियांनी मद्य मुळीच घेऊ नये, असा जाहीर सल्ला दिला. म्हणजे आजच्या आजीबाईंची बाळंतपणे झाली, त्या काळात हे ज्ञान गावापर्यंत पोचलेलेच नव्हते. आज ते पोचले आहे, हाच काय तो फरक.

किती ग्रॅमचा फरक?

१९८४ साली अमेरिकेत ३१,६०४ गरोदरपणांची मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. दिवसाला एका पेल्यापेक्षा कमी घेणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन सरासरी १४ ग्रॅमने कमी भरले. दिवसाला तीन ते पाच पेले घेणाऱ्यांच्या बाळांचे सरासरी १६५ ग्रॅमने कमी भरले. तिकडचा एक पेला म्हणजे सुमारे १४ ग्रॅम मद्यार्क. तेव्हा तीन ते पाच पेले म्हणजे आपल्याकडच्या साधारण दोन ते तीन बाटल्या ताडी.

कोणी म्हणेल, १६५ ग्रॅम म्हणजे किती? मूठभर तांदूळ! पण पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९० नंतरच्या दशकात गरोदर शेतकरी बायकांचा जो अभ्यास झाला, त्यात पूर्ण दिवस भरलेल्या बाळांचे सरासरी वजन २,६६५ ग्रॅम भरले होते. त्यातून १६५ ग्रॅम वजा करा. बरोबर २,५०० ग्रॅम उरतात, म्हणजे धोक्याची रेघच. दोन देशांचे आकडे असे एकमेकांतून वजा करणे शास्त्राला धरून नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. केवळ प्रमाण ध्यानात यावे म्हणून हा हिशेब मांडला. गोऱ्या बाईच्या साडेतीन किलोच्या बाळाला जो तोटा सोसवतो, तो आपल्या बाळाला सोसवत नाही, कारण आपल्या बाळांजवळ शिल्लकच थोडी असते. शिवाय सरासरी म्हटली की काही बाळांचा तोटा त्याहून मोठा असतो.

मग अर्ध्या पेल्याने काही होत नाही, असे म्हणावे काय? थोड्या प्रमाणात घेतल्यास वजनावर ठळक परिणाम दिसत नाही, असेच वरचे आकडे सांगतात. परंतु तराजूवर फक्त वजन कळते, मेंदू मोजता येत नाही. बाळाचा चेहरा आणि अवयव पहिल्या दोन-तीन महिन्यांत घडतात, मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो. वजनाने ठीक असलेले मूलही पुढे शाळेत मागे पडणे, चंचल असणे, सांगितलेले लक्षात न राहणे असे होऊ शकते. किती मद्यार्क निर्धास्त घ्यावे याची सुरक्षित मर्यादा कोणत्याही डॉक्टरला सांगता आलेली नाही. म्हणून सल्ला एकच, मुळीच नको.

गाभण म्हैस आणि गरोदर बाई

आता आशेची गोष्ट. आपल्यापैकी ज्यांच्या गोठ्यात जनावरे आहेत, त्यांना ठाऊक आहे की गाभण म्हशीला विण्याच्या दोन महिने आधी आटवतात. दूध काढणे बंद करतात आणि चारा-पेंड वाढवतात. कारण वासराची खरी वाढ त्याच महिन्यांत होते. माणसाचेही तसेच आहे. सातव्या महिन्याच्या सुमारास बाळ जेमतेम किलोभराचे असते. उरलेले दीड-दोन किलो ते शेवटच्या तीन महिन्यांत कमावते.

म्हणून कोणी चौथ्या, पाचव्या महिन्यापर्यंत ताडी घेतली असेल, तर "आता काय उपयोग?" असे म्हणू नये. इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या तुरुंगातील डॉक्टर विल्यम सलिव्हन यांनी १८९९ सालीच एक गोष्ट नोंदवली होती. दारूच्या आहारी गेलेल्या बायकांची मुले पुष्कळ दगावत. पण त्याच बाई गरोदरपणी तुरुंगात आली आणि तिची दारू सक्तीने सुटली, की तिला धडधाकट मूल होई. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बोस्टन येथेही तसाच अनुभव आला. खूप पिणाऱ्या ज्या गरोदर बायकांनी शेवटच्या तिमाहीपूर्वी पिणे सोडले किंवा फार कमी केले, त्यांची बाळे न सोडणाऱ्यांच्या बाळांपेक्षा चांगली वाढली. ज्या दिवशी सोडाल, त्या दिवसापासून बाळाचा फायदा सुरू होतो.

काही स्त्रियांना दिवस गेल्याचे कळण्यापूर्वीच लग्नात किंवा सणात थोडी घेतली गेलेली असते. त्यांनी मनाला लावून घेऊ नये. पुढे घेऊ नये आणि तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना मोकळेपणी सांगावे.

भेसळीचा वेगळा धोका

येथे एक इशारा द्यावयाचा आहे. हैदराबादेत विकली जाणारी सगळी ताडी झाडाची नसते. शहरातली झाडे कमी झाली आणि गिऱ्हाईक वाढले, तेव्हा पाण्यात साखर, सॅकरिन आणि गुंगीची औषधे मिसळून 'ताडी' बनवण्याचा धंदा सुरू झाला. क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलाम ही त्या औषधांची नावे. २००४ साली सरकारने शहरातील ताडीची दुकाने बंद केली. २०१४ साली ती पुन्हा उघडली. जुलै २०२५ मध्ये कूकटपल्ली भागात अशी भेसळीची ताडी पिऊन अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले आणि त्यांत काहीजण प्राणाला मुकले. गौड मंडळी पिढ्यान्‌पिढ्या जिवावर उदार होऊन झाडावर चढतात. त्यांच्या कष्टाच्या धंद्यालाही या भेसळीने बट्टा लावला आहे.

गुंगीची ही औषधेही वारेतून बाळाकडे जातात. अशा आईचे बाळ जन्मल्यावर लुळे पडलेले असू शकते. ते नीट चोखत नाही, किंवा उलट थरथरते आणि सारखे रडते.

आता हे नीट वाचा. जिला रोज ताडी किंवा दारू घेण्याची सवय आहे, तिने ती एकाएकी घरच्या घरी तोडू नये. सप्टेंबर २०१५ मध्ये निजामाबाद, महबूबनगर या भागांत भेसळीच्या ताडीवर कारवाई झाली. रोजची गुंगी अचानक बंद झाल्यामुळे कितीतरी माणसे भ्रम, थरकाप आणि झटके येऊन इस्पितळात आली. गरोदर बाईला झटका आला तर दोन जीव धोक्यात येतात. रोज घेणाऱ्या बाईने आधी सरकारी दवाखान्यात जाऊन खरे काय ते सांगावे. डॉक्टर औषधाच्या आधाराने ती सोडवतात. हैदराबादेत एर्रागड्डा येथील मानसिक आरोग्य संस्थेत व्यसनावर उपचार होतात. व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी १४४४६ हा सरकारी फोन क्रमांक आहे, त्याला पैसे पडत नाहीत. झटका आल्यास १०८ची गाडी बोलवावी.

पेल्याऐवजी ताटात काय?

हैदराबादेत तार्नाका येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. १९१८ साली कुन्नूर येथे एका खोलीत सुरू झालेले हे काम १९५८ साली हैदराबादेत आले. गरोदर बाईला एरवीपेक्षा रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात, आणि शेवटच्या तीन महिन्यांत रोज सुमारे २२ ग्रॅम प्रथिने जास्त लागतात, असे या संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशींत म्हटले आहे. ताडीत प्रथिने जवळजवळ नसतात. दोन अंडी, एक पेला दूध आणि वाटीभर डाळ यांतून ती भरून निघतात.

वर पुण्याजवळच्या ज्या अभ्यासाचा उल्लेख केला, त्याचा निष्कर्ष शेतकऱ्यांच्या फार उपयोगाचा आहे. नुसते जास्त खाण्यापेक्षा, ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार घेत होत्या, त्यांची बाळे मोठी भरली. यासाठी बाजारात जाण्याची गरज नाही. परसात मेथी, पालक, चुका, अंबाडी, माठ लावावा, अंबाडीची भाजी तर इकडे घराघरांत 'गोंगुरा' म्हणून होतेच. शेवग्याचे एक झाड सांडपाण्यावर येते आणि त्याचा पालाही खाता येतो. पपई पिकलेली असावी, पेरू-केळी कोणत्याही रूपात चालतात. नाचणीची आंबील गार असते, अंगी लागते आणि कामावर नेता येते. दुपारी शेतावर ताडीच्या मडक्याऐवजी आंबिलीचे किंवा ताकाचे मडके जावे, एवढे घरधन्याने पाहावे. अंगणवाडीत गरोदर बाईला अंडे-दुधासह एक वेळचे पूर्ण जेवण देण्याची योजना तेलंगणात २०१५ साली सुरू झाली. नाव नोंदवून तिचा लाभ घ्यावा, लाजू नये. लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या न चुकता घ्याव्यात.

आणखी एक गोष्ट. आसव आणि अरिष्ट या नावाची जी काढ्यासारखी औषधे मिळतात, ती आंबवून केलेली असल्यामुळे त्यांत मद्यार्क असते. कित्येकदा ताडीहूनही जास्त असते. गरोदरपणात ती आपल्या मनाने घेऊ नयेत.

बाळंतिणीची ब्रँडी

बाळंतिणीला थंडी वाजू नये आणि दूध यावे म्हणून ब्रँडी किंवा ताडी पाजण्याची पद्धत आपल्या काही ख्रिस्ती घरांतही आहे. तीही सोडली पाहिजे. आईच्या रक्तातले मद्यार्क तितक्याच प्रमाणात तिच्या दुधात उतरते. दूध पान्हवण्याची क्रिया त्याने मंदावते आणि बाळाच्या पोटात दूध कमी जाते, असे प्रयोगांत आढळले आहे. हलक्या बाळाला तर दुधाचा एकेक थेंब मोलाचा. ऊब हवी असेल तर बाळाला नुसत्या लंगोट-टोपीवर आईच्या उघड्या छातीशी घ्यावे, वरून पांघरूण घालावे. कमी वजनाच्या बाळाला याहून चांगली शेगडी नाही. आई प्यालेली असेल आणि बाळ कुशीत असेल, तर झोपेत बाळ दबून गुदमरण्याची भीती असते, हेही विसरू नये.

घरातल्या पुरुषांना दोन शब्द

हे सगळे वाचून एखादा नवरा बायकोला दरडावील, "उद्यापासून तुझी बंद!" आणि स्वतः मात्र बाटली घेऊन बसेल. त्याने काही साधत नाही. तेलंगणात २०१९ ते २०२१च्या पाहणीत १५ वर्षांवरील शंभर पुरुषांपैकी ४३ जणांनी मद्य घेतो असे सांगितले. अरुणाचल प्रदेशाखालोखाल हा देशातला सर्वांत मोठा आकडा आहे. घरात मडके येत राहिले, तर बाईची सवय कशी सुटावी? दारूत गेलेला पैसा अंडी, दूध आणि डाळीच्या पैशांतून कमी होतो. आणि प्यालेल्या नवऱ्याचा हात उठला तर पोटातल्या बाळालाही मार बसतो. बायकोला दिवस गेल्यापासून बाळ होईपर्यंत नवऱ्यानेही घरात दारू आणू नये. हा नऊ महिन्यांचा उपास सर्वांत पुण्याचा ठरेल.

बायकांनी मनावर घेतले की काय होते, हे या भागाने पाहिलेले आहे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, नेल्लूर जिल्ह्यातील दुबगुंटा गावच्या बायका साक्षरतेच्या वर्गात अक्षरे शिकता शिकता गावातल्या सारायच्या दुकानाविरुद्ध उभ्या राहिल्या. ही गोष्ट १९९२ सालची. चळवळ राज्यभर पसरली. १९९३ साली सारायबंदी झाली, १९९५ साली संपूर्ण दारूबंदी आली. ती १९९७ साली शिथिल झाली, हेही खरे. त्या बायका पुरुषांच्या पेल्याविरुद्ध लढल्या. पोटात बाळ असताना स्वतःच्या हातातला पेला खाली ठेवायला मात्र सरकारचा हुकूम लागत नाही.

पवित्र शास्त्रात शास्ते या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात शमशोनाच्या आईची गोष्ट आहे. तिला पुत्र होईल असे सांगताना, तू द्राक्षारस किंवा मद्य घेऊ नकोस, असे देवदूताने तिला बजावले. ती आज्ञा व्रतापोटी होती, वैद्यकासाठी नव्हे. तरीही मूल पोटात असताना आईने सांभाळावयाचे पथ्य म्हणून ते आजच्या डॉक्टरांच्या सल्ल्याशी तंतोतंत जुळते.

शेवटी थोडक्यात सांगतो. मूल हवे असे ठरले की ताडी-दारू थांबवा. दिवस गेल्यावर तिसऱ्या महिन्याच्या आत नाव नोंदवा आणि दर तपासणीला स्वतःचे वजन करून घ्या. रोजची सवय असेल तर लपवू नका, दवाखान्यात सांगा. लग्ना-बाप्तिस्म्याच्या पंगतीत गरोदर बाईला कोणीही आग्रह करू नये, आणि तिच्या सासूने किंवा जावेने तिच्या वतीने "तिला नको" असे खणखणीत सांगावे. आपल्या धर्मग्रामात पुढच्या वर्षी जी बाळे स्नानसंस्कारासाठी येतील, त्यांतले एकही केवळ पेल्यापायी हलके राहू नये, एवढीच आमची इच्छा आहे.